विश्लेषण : पूररेषा नकाशावर, पाणी उंबऱ्यात! नदीकाठचं बदलतं जगणं कला कशी टिपते?

जुलै-ऑगस्टमध्ये मावळात दोन दिवस धो धो पाऊस झाला की पिंपरी-चिंचवडकरांच्या मोबाइलवर एक फोटो हमखास येतो. चिंचवडच्या मोरया गोसावी समाधी मंदिराच्या आवारात पवनेचं पाणी शिरलेलं असतं आणि घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या असतात. दुपारपर्यंत तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. पाणी उतरतं, आणि फोटोही गॅलरीत खाली खाली जातो.

त्याच वेळी नदीला खेटून असलेल्या वस्त्यांमध्ये वेगळीच धावपळ चालू असते. फ्रिज टेबलावर चढतो. रेशनकार्ड, आधार आणि मुलांचे शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून पोटमाळ्यावर जातात. दुचाकी पुलाच्या चढावर नेऊन लावली जाते. रात्र महापालिकेच्या शाळेत काढायची असेल तर गाद्या आधी बांधाव्या लागतात. हे दृश्य फारसं कुठे फिरत नाही.

हवामान बदलतं आहे, पाऊस बदलतो आहे आणि नदीकाठची माणसं त्याच्याशी जमवून घेत आहेत. या सगळ्याचं चित्र कोण काढतं? सिनेमा, लोकगीतं, शिल्प, चित्रं यांनी ते कसं टिपलं आहे? आणि कारखान्यांच्या, आयटीच्या या पट्ट्यात त्याचा काय उपयोग? समजून घेऊ.

आधी नदी कुठून कुठे जाते?

पिंपरी-चिंचवड हे तीन नद्यांचं शहर आहे. पवना मावळातल्या पवना धरणातून निघून रावेत, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी असं करत दापोडी-सांगवीजवळ मुळेला मिळते. मुळा मुळशीकडून येते आणि वाकड, पिंपळे निलखच्या कडेने वाहते. शहराच्या उत्तरेला इंद्रायणी आहे. ती लोणावळ्याच्या डोंगरातून उतरून देहू, चिखली, मोशी, आळंदी असं करत तुळापूरला भीमेत मिसळते. तिच्या पलीकडे चाकणची औद्योगिक वसाहत सुरू होते.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसी आली, वाहन उद्योग आला. कामाच्या शोधात मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार इथून माणसं आली. घरभाडं जिथे परवडलं तिथे ती राहिली. नदीकाठची, खोलगट भागातली जागा स्वस्त असते. तिथे पाणी येतं हे ती स्वस्त असण्याचं एक कारण असतं, पण भाडं ठरवताना ते कुणी सांगत नाही.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे नेमकं काय?

जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांवर नकाशात दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो, तिथे बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी मिळू शकते.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे यंदा पूर आला की पुढची २५ वर्षं निर्धास्त, असं नाही. त्या पातळीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता ४ टक्के आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही ४ टक्क्यांची सोंगटी दरवर्षी नव्याने पडते. २५ वर्षांचा हिशोब केला तर त्या काळात किमान एकदा तरी पाणी त्या रेषेपर्यंत येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. लाल रेषेचंही तसंच. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ‘शंभर वर्षांचा’ पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के, म्हणजे चारात एक.

हा हिशोब करायला कॅल्क्युलेटर पुरतो. पण फ्लॅटच्या जाहिरातीत तो कधीच छापलेला नसतो.

रेषा कागदावर राहिली तर काय होतं, हे चिखलीने पाहिलं. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला होता. ज्यांनी तिथे घर बांधलं, त्यांना ती रेषा खऱ्या अर्थाने दिसली ती बुलडोझर दारात आल्यावर.

यात हवामान बदल कुठे येतो?

हवा १ अंश सेल्सिअसने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे ढगांची पिशवी मोठी होते. पाऊस येतो तेव्हा थोडा थोडा पडण्याऐवजी एकदम ओतण्याची शक्यता वाढते.

पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास यासाठी महत्त्वाचा आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्याचं त्यात दिसलं. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पभरल्या वाऱ्यांतले चढउतार वाढले, हे त्यामागचं एक कारण. महाराष्ट्र या पट्ट्यातच येतो.

प्रत्येक पुराचं खापर हवामान बदलावर फोडता येत नाही, हेही खरं. आपल्या शहरात पाणी दोन वाटांनी येतं. पहिली वाट धरणाची. मावळात पाऊस झाला, धरण भरलं की विसर्ग सुरू होतो. बातमीत आपण ‘१० हजार क्युसेक’ वाचतो आणि पुढे जातो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर. सोसायटीत येणारा १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा आणि असे २८ टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होत आहेत, अशी कल्पना करा.

दुसरी वाट शहराची स्वतःची. नाले अरुंद झाले, ओढ्यांवर रस्ते आले, जमीन सिमेंटने झाकली गेली. पाणी मुरायला जागा उरली नाही. त्यामुळे तासाभराचा जोरदार पाऊसही थेट घरात येतो.

आणखी एक मेख आहे. पूररेषा जुन्या पावसाच्या आणि प्रवाहाच्या नोंदींवरून काढल्या जातात. पुढचा पाऊस मागच्यासारखाच असेल, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. तेच गृहीतक आता डळमळीत झालं आहे. उद्याचं पाणी कालच्या रेषेला जुमानेलच असं नाही.

मग कलेचा इथे काय संबंध?

हा प्रश्न मुंबईने आपल्याआधी विचारला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी आहे, हे अनेक मुंबईकरांना त्या दिवशी कळलं.

त्यानंतर अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा या वास्तुरचनाकार जोडीने २००९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात एक प्रदर्शन मांडलं. नाव होतं ‘सोक’, म्हणजे भिजणं, मुरणं. जुने नकाशे, छायाचित्रं, जमिनीचे उभे छेद आणि छापचित्रं त्यात होती.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. नकाशा काढणाऱ्याने कोरड्या दिवशी जमीन आणि पाणी यांच्यामध्ये एक रेघ ओढली. पावसाळ्यात पाणी त्या रेघेच्या पलीकडे आलं की आपण त्याला ‘घुसखोरी’ म्हणतो. पण मुंबई ही मुळात खाडीची, भरती-ओहोटीची, मोसमी पावसाची जागा आहे. तिथे काठ ही पक्की रेघ नाही, तो सरकणारा पट्टा आहे. पाण्याला भिंत घालण्यापेक्षा त्याला मुरायला, थांबायला जागा कशी द्यायची हा विचार करायला हवा.

अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी आम्हाला सर्वेक्षणाच्या तासाला समपातळी रेषा काढायला शिकवल्या होत्या. नदी आली की दोन समांतर रेघा ओढायच्या आणि मध्ये निळा रंग भरायचा. ती नदी जूनमधली की ऑगस्टमधली, हे कुणी विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. ‘सोक’मधल्या चित्रांनी विचारलेला प्रश्न हाच आहे.

हे सगळं आपल्याला नवीन आहे का?

अजिबात नाही. महाराष्ट्रातल्या नदीकाठांनी पूर मोजण्याच्या खुणा कधीच्याच तयार करून ठेवल्या आहेत, आणि त्यातल्या काही चक्क शिल्पं आहेत.

नाशिकला गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. पाणी वाढू लागलं की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत. ‘मारुतीच्या गुडघ्याला लागलं का? कमरेला? छातीला?’ असं विचारतात. तिथेच नारोशंकराच्या मंदिराची प्रसिद्ध घंटा आहे. पाणी त्या घंटेपर्यंत गेलं की महापूर, ही पिढ्यान् पिढ्यांची खूणगाठ. एक मूर्ती आणि एक घंटा मिळून अख्ख्या गावाचं पूरमापक यंत्र झालं आहे. ते वाचायला शिक्षण लागत नाही आणि त्याची बॅटरीही संपत नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीत तर पुराचा सोहळा होतो. नदीचं पाणी दत्त मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागलं की ‘दक्षिणद्वार सोहळा’ झाला म्हणतात. भाविक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी आणखी चढलं तर उत्सवमूर्ती उंचावर हलवली जाते. पाणी येणार हे धरूनच तिथलं सगळं वेळापत्रक बसवलेलं आहे.

सांगलीत आयर्विन पुलाच्या पट्टीवर सगळ्यांचे डोळे असतात. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. त्या पुराने एक गोष्ट दाखवून दिली. जुन्या खुणा उपयोगी असतात, पण बदललेल्या पावसात त्यांनाही मर्यादा आहेत. ‘आमच्या आजोबांच्या काळातही इथवर पाणी आलं नव्हतं’ या भरवशावर घरात थांबलेल्या अनेकांना नंतर बोटीतून बाहेर काढावं लागलं.

चिंचवडचं मंदिरही या मालिकेत बसतं. काठावरचं हे ठिकाण दरवर्षी पाणी अंगावर घेतं आणि पाणी उतरलं की पुन्हा उघडतं. पण मंदिराच्या कोणत्या पायरीला पाणी लागलं की खालच्या वस्तीत काय होतं, हा धागा आपण फारसा जोडलेला नाही.

मावळ-मुळशीच्या बायकांनी काय सांगून ठेवलं आहे?

आपल्या नद्या जिथून येतात त्या डोंगरपट्ट्यात कलेचा एक प्रचंड साठा आहे. जात्यावरच्या ओव्या. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुणे जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या डोंगरी तालुक्यांतल्या बायकांचा त्यात मोठा वाटा आहे. हा ठेवा आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतो. मोबाइलवर, आवाजासकट.

या ओव्यांत आळंदी आहे, इंद्रायणी आहे, पाऊस आहे, पेरणी आहे, माहेरची वाट आहे. गाणारी बाई नदीशी सखीसारखी बोलते. हवामान बदल हा शब्द तिच्याकडे नव्हता. पण पाऊस कधी यायचा, किती यायचा, तो चुकला की घरात काय व्हायचं, हे तिला पाठ होतं. शास्त्रज्ञाला आज जी तुलना करायची असते, ‘आधी काय होतं आणि आता काय झालं’, त्यातल्या ‘आधी’ची ही एक नोंद आहे. आकड्यांत नाही, पण माणसांच्या आवाजात.

पुढची पिढी चक्कीवर गेली, मग पिंपरी-चाकणच्या कंपन्यांत गेली. ओवी थांबली. आज निळ्या रेषेच्या आत राहणाऱ्या, पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाईचा पाऊस कोणत्या गाण्यात आहे? हा प्रश्न मोकळाच आहे.

वारीने मात्र परंपरेचा धागा आजच्या प्रश्नांशी जोडून पाहिला आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी’ या उपक्रमात लोककलावंत पालखीमार्गावर पाणी, प्लास्टिक, झाडं हे विषय लोककलांमधून मांडतात. ज्या इंद्रायणीच्या काठावरून दोन्ही पालख्या निघतात, तिचं फेसाळलेलं पाणी वारकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे सांगणं लगेच पोहोचतं.

सिनेमाने हे कसं दाखवलं?

सिनेमा हे मोबाइलवर सगळ्यात सहज मिळणारं माध्यम. तीन चित्रपट या विषयासाठी आवर्जून बघण्यासारखे आहेत.

पहिला मराठी. ‘श्वास’चे दिग्दर्शक संदीप सावंत यांचा ‘नदी वाहते’ (२०१७). कोकणातल्या एका छोट्या नदीच्या काठची माणसं नदी आणि आपलं जगणं दोन्ही टिकवण्यासाठी काय काय करून बघतात, हे त्यात दिसतं. नदी वाचवायची तर तिच्या काठावर पोट भरलं पाहिजे, हा साधा मुद्दा त्याच्या केंद्रस्थानी आहे.

दुसरा आसामी. रीमा दास यांचा ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ (२०१७), ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गिटारचं स्वप्न पाहणारी एक मुलगी, दरवर्षी शेत बुडवणारा पूर आणि लेकीला पोहायला शिकवणारी आई. ‘जमवून घेणं’ म्हणजे काय, हे त्या पोहायला शिकवण्यातून जितकं कळतं तितकं एखाद्या अहवालातून कळणार नाही.

तिसरा सर्वनिक कौर यांचा माहितीपट ‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३). हा नदीचा नाही, मुंबईच्या कोळी समाजाचा आणि समुद्राचा आहे. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. दोन कोळी मित्र आहेत. एक किनाऱ्याजवळ पारंपरिक पद्धतीने मासेमारी करतो, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात जातो. मासळी दोघांचीही आटत चालली आहे. काय करावं यावरून त्यांच्यात वाद होतात. बदलत्या हवामानाशी जुळवून घेताना एकाच समाजातली, एकाच ताटात जेवणारी माणसंही वेगवेगळ्या बाजूला जातात, हे हा माहितीपट स्पष्ट दाखवतो.

पडद्याआधीचाही एक पडदा आहे. पश्चिम बंगालमधल्या पिंगला भागातल्या नया गावचे पटुआ चित्रकार लांबच लांब गुंडाळी-चित्रं काढतात आणि ती उलगडत गाणं म्हणतात. एकेकाळी त्यात देवादिकांच्या कथा असायच्या. २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांनी त्सुनामीचेही पट रंगवले. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी याच जातकुळीतली. जुनी चौकट नव्या संकटालाही चालते, हे पटुआंनी दाखवून दिलं.

रेषा रस्त्यावर आखली तर?

न्यूयॉर्कमधल्या ईव्ह मोशर या कलाकाराने २००७ मध्ये एक साधी गोष्ट केली. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचं ढकलगाडीसारखं यंत्र घेतलं आणि समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची रेषा शहराच्या रस्त्यांवर खडूच्या भुकटीने आखत निघाली. सुमारे ७० मैल. ही मोठ्या पुराची पातळी होती. ‘बाई, हे काय करताय?’ असं कुणी विचारलं की ती थांबून सांगायची, ‘पाणी इथपर्यंत येऊ शकतं.’

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं आणि तिने आखलेल्या त्या पट्ट्यातल्या अनेक भागांत खरोखर पाणी शिरलं. नंतर मायामी आणि ब्रिस्टलमधल्या रहिवाशांनीही आपापल्या शहरात अशा रेषा आखल्या.

या कामात नवं संशोधन काहीच नव्हतं. आकडा आधीच अहवालात होता. तिने तो फक्त अहवालातून काढून लोकांच्या पायाखाली आणून ठेवला. आपली निळी रेषा अजून विकास आराखड्याच्या नकाशात आहे, चौकात नाही.

आपल्या शहरात नदीचं कोणतं चित्र जास्त दिसतं?

खरं सांगायचं तर पिंपरी-चिंचवडमध्ये नदीची सर्वाधिक पाहिलेली चित्रं चित्रकारांनी काढलेलीच नाहीत. ती नदीकाठ सुधार प्रकल्पांची संगणकावर तयार केलेली संकल्पचित्रं आहेत. पवना, इंद्रायणी, मुळा, तिन्ही नद्यांसाठी असे प्रकल्प आखले गेले. मुळेच्या काठावर काम सुरू झाल्यावर झाडं आणि नदीचं पात्र यांच्या काळजीने नागरिकांनी आंदोलनंही केली.

प्रकल्पाची बाजू आणि विरोधाची बाजू हा वेगळ्या विश्लेषणाचा विषय. इथे फक्त अशा संकल्पचित्रांकडे नीट बघा. त्यात नेहमी प्रसन्न संध्याकाळ असते. पाणी निळंशार आणि काठोकाठ, पण एक इंचही वर नाही. कुणी जॉगिंग करतंय, कुणी सायकल चालवतंय. जुलै महिना त्यात नसतो. गाळ नसतो. धुणं धुणारी बाई नसते, भंगार गोळा करणारा नसतो, पत्र्याचं घर नसतं.

म्हणजे तेही एक प्रकारे नदीकाठच्या समाजाचं चित्रच आहे. फक्त त्यातून समाज वगळला आहे. घाटांच्या आणि पुलांच्या भिंतींवर रंगवलेल्या मासे-कमळांबद्दलही हेच म्हणता येईल. भिंत छान दिसते, पण गेल्या पुरात त्या भिंतीवर पाणी कुठवर होतं हे रंगाखाली झाकलं जातं.

‘जमवून घेणं’ कौतुकाचं की नाइलाजाचं?

उलट्या बाजूचाही धोका आहे. पुरातल्या माणसांची कला अनेकदा त्यांच्या चिवटपणाचं कौतुक करण्यावर थांबते. गळ्याएवढ्या पाण्यातून हसत जाणारा मुलगा, छतावर चूल मांडणारी आई. फोटो गाजतो.

पण ती आई छतावर चूल मांडते कारण खाली पाणी आहे आणि दुसरीकडे जायला पैसे नाहीत. पोटमाळा वाढवण्याचा खर्च, भिजलेल्या गादीचा खर्च, बुडालेल्या दोन दिवसांच्या हजेरीचा खर्च ती स्वतः करते. कंत्राटी कामगाराला पुराची सुट्टी भरपगारी नसते. शहर कोरडं राहावं म्हणून झालेल्या खर्चाचा हिशोब अर्थसंकल्पात असतो. वस्तीने ओलं राहून केलेल्या खर्चाचा हिशोब कुठेच नसतो.

चांगली कला हा हिशोब दाखवते. ‘अगेन्स्ट द टाइड’मध्ये कर्जाची चर्चा आहे, ‘व्हिलेज रॉकस्टार्स’मध्ये बुडालेलं शेत आहे. म्हणून ते चित्रपट पुराचे ‘सुंदर’ फोटो होत नाहीत.

मग इथे काय करता येईल?

मोठ्या निधीची गरज नसलेल्या काही गोष्टी आहेत, आणि त्यांची साधनं शहरात आधीपासून आहेत.

पहिली, देखावे. गणेशोत्सवातले जिवंत देखावे ही आपल्या भागाची हक्काची रंगभूमी. गर्दी आपोआप येते. गणपती येतात ते बहुधा पुराच्या दिवसांच्या आसपासच, आणि विसर्जनही याच नद्यांवर होतं. पाणी-पर्यावरण हे विषय देखाव्यांना नवे नाहीत. आपल्याच प्रभागातली निळी रेषा कुठून जाते, यावर देखावा झाला तर रांगेतल्या प्रत्येकाला स्वतःचं घर त्यात शोधावंसं वाटेल.

दुसरी, खुणा. विजेचे खांब, शाळेच्या भिंती, पुलाचे खांब, घाटाच्या पायऱ्या. पाणी कुठवर आलं ते तारखेसह रंगवायचं. चित्रकला महाविद्यालयांचे विद्यार्थी, शाळा, सोसायट्या आणि महापालिका मिळून हे करू शकतात. दुतोंड्या मारुतीसारखी लोकांच्या तोंडी बसेल अशी एक खूण प्रत्येक घाटावर हवी.

तिसरी, ऐकणं. ओव्या गोळा करणाऱ्यांनी गावोगाव जाऊन रेकॉर्डर लावला. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. सांगवी, दापोडी, पिंपरी, चिखलीतल्या जुन्या रहिवाशांना ‘तुमच्या आठवणीतला सगळ्यात मोठा पूर कोणता? पाणी कुठवर होतं?’ एवढं विचारून रेकॉर्ड करून ठेवलं तरी तो पुढच्या पिढीचा दस्तऐवज होतो. जुन्या पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेत प्रलयाची आठवण घरोघर सांगितली जाते म्हणून ती टिकली. आपलं शहर नवं आहे. बरेच जण बाहेरून आलेले आहेत, आणि नदीची आठवण त्यांना कुणी सांगितलेली नाही.

तुम्ही काय करू शकता?

घर घेताना किंवा भाड्याने घेताना पूररेषा विचारा. विकास आराखड्याच्या नकाशात ती दाखवलेली असते. बिल्डर किंवा एजंट ‘इथे कधी पाणी येत नाही’ म्हणाला, तर समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. त्याला पोती कधी उचलावी लागली ते त्याच्या लक्षात असतं.

आणि या पावसाळ्यात पुराचा फोटो काढाल तेव्हा फक्त पाण्याचा काढू नका. पाण्याजवळची एखादी कायमची वस्तू, पायरी, खांब, दुकानाची पाटी, फ्रेममध्ये घ्या. तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि तो ग्रुपवर टाकताना तेही लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागेवर उभं राहून दुसरा फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवले की रेषा सरकली का, ते तुम्हालाच दिसेल.